एका इमाम घराण्याच्या दोन शाखा



ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. मी आज नेमके एका धर्मगुरूच्या घराण्याचे कूळ शोधणार आहे. वसंत ऋतूतल्या या संध्याकाळी उंद्रीसारख्या गावी इराणातल्या शिया इमामांची वंशावळ कशाला, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे साधे उत्तर असे की, या घराण्याच्या दोन शाखा झाल्या आणि फिरत फिरत दोन्ही महाराष्ट्रातच येऊन विसावल्या. त्यांपैकी एकीने ज्या राज्याला शिया पंथाची दीक्षा दिली, त्या राज्यात आपला हा वऱ्हाडचा मुलूखही काही काळ होता.

आरंभी मूळ पाहू. पैगंबरांनंतर त्यांचे जावई हजरत अली आणि त्यांचे वंशज हेच खरे नेते, म्हणजे इमाम, असे मानणारे ते शिया. सहावे मानले जाणारे इमाम जाफर सादिक इ. स. ७६५ मध्ये वारले, तेव्हा वारसाचा प्रश्न निघाला. मूसा या पुत्राला मानणारे पुढे बाराइमामी म्हणून ओळखले गेले; इस्माईल या पुत्राची परंपरा मानणारे इस्माइली झाले. इजिप्तमध्ये राज्य करणारे फातिमी खलिफा याच इस्माइली परंपरेतले. १०९४ साली तिथेही भाऊबंदकी झाली. एक पक्ष निझारचा. दुसऱ्या पक्षातून कालांतराने आपल्या ओळखीचे बोहरी आले. निझारी पक्षाचा आधार म्हणजे इराणातील अलमूतचा डोंगरी किल्ला. १२५६ साली मोंगोलांनी तो घेतला, आणि इमामाचे घराणे अज्ञातवासात गेले. चौदाव्या शतकात त्या अज्ञातवासातही वाटणी झाली. एक शाखा मुहम्मदशाही, दुसरी कासिमशाही. आपल्या कथेतल्या दोन शाखा त्या ह्याच.

मुहम्मदशाही शाखेचा इमाम शाह ताहिर हा मोठा विद्वान होता. काशान येथे तो अध्यापन करी. त्याचा वाढता शिष्यवर्ग पाहून इराणचा शाह इस्माईल साशंक झाला, आणि जीव वाचविण्यासाठी शाह ताहिर १५२० साली समुद्रमार्गे गोव्यास उतरला. विजापुरास त्याची फारशी कदर झाली नाही. पुढे परांड्याच्या किल्ल्यात त्याच्या विद्वत्तेची कीर्ती झाली, आणि १५२२ साली बुऱ्हाण निजामशहाने त्याला अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, बोलावून घेतले. तो सुलतानाचा सल्लागार झाला. गुजरातच्या बहादूरशहाकडे वकील म्हणूनही गेला. राजपुत्र अब्दुल कादिर आजारी पडून जगण्याची आशा उरली नाही, तेव्हा शाह ताहिरने सुलतानाकडून नवस बोलविला की, मुलगा बरा झाल्यास बारा इमामांच्या नावे खुतबा वाचावा. मुलगा बरा झाला, अशी कथा फिरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. कथा कशीही असो, १५३७ साली निजामशाहीने शिया पंथ राज्याचा पंथ म्हणून स्वीकारला, हा इतिहास आहे. त्यावर शहरात दंगा उसळला. पीर मुहम्मद या सुलतानाच्या जुन्या गुरूने जमाव घेऊन किल्ल्याला वेढा दिला आणि तो पकडला गेला. त्याला देहान्त शिक्षा होणार होती. ती शाह ताहिरच्या रदबदलीने टळली. विरोधकाचा जीव वाचविणारा धर्मगुरू कोणत्याही पंथात विरळाच. नगरचा बारा इमाम कोटला त्या काळाची साक्ष देत आजही उभा आहे.

पुढे १५७४ मध्ये मुर्तझा निजामशहाने इमादशाही बुडवून वऱ्हाड घेतले. १५९६ मध्ये चांदबिबीने तहात ते मोगलांना दिले. मधली बावीस वर्षे आपला मुलूख या शिया राज्याचा भाग होता. वऱ्हाडात गावोगाव मोहरमात ताबूत उठतात, हिंदू माणूसही तिथे नवस बोलतो. या चालीची सगळी मुळे त्या बावीस वर्षांत आहेत असे मी म्हणणार नाही, पण तो काळ विसरूनही चालणार नाही.

आता एक मौजेची गोष्ट पाहा. शाह ताहिर स्वतः इस्माइली इमाम, पण त्याने उघडपणे प्रसार केला तो बाराइमामी पंथाचा! संकटात खरी श्रद्धा मनात राखण्याला शिया परंपरेत तकिया म्हणतात. या तकियाने घराण्याचा जीव वाचला, दरबारी मान मिळाला. शाह ताहिर १५४९ च्या सुमारास वारला. त्याचे शव करबलेस नेण्यात आले. मुलगा शाह हैदर गादीवर आला. पण राजाच्या कानाशी असलेले हे घराणे सामान्य अनुयायांपासून दुरावत गेले. ते नगरहून औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास गेले, आणि तिथे त्याचा माग हळूहळू पुसट झाला.

दुसरी शाखा आली तीन शतकांनंतर. कासिमशाही इमाम हसन अली शाह यास इराणच्या बादशहाने आगाखान हा किताब आणि आपली मुलगी दिली होती. पुढे बिनसले, त्याने बंड केले, हरला आणि १८४१ साली अफगाणिस्तानात निसटला. तिथे व सिंधमध्ये त्याने इंग्रजांना मदत केली, तनखा मिळविला, आणि १८४८ च्या अखेरीपासून मुंबईत कायमचा राहिला. मुंबईत त्याचे अनुयायी होते कच्छ-काठेवाडकडचे खोजे व्यापारी. त्यांचे पूर्वज हिंदू. पीर सद्रुद्दीनने त्यांना पंथात आणले असे ते मानत. त्यांच्या ‘दशावतार’ या ग्रंथात विष्णूचा दहावा अवतार म्हणजे अली, असे सांगितले आहे.

हे खोजे इमामासाठी दसोंद, म्हणजे दशांश, काढून ठेवीत. १८२९ पासूनच काहींनी तो देण्यास नकार दिला. त्यांना बारभाई म्हणत. नाना फडणीसांचे बारभाई ते निराळे. वाद इतका विकोपास गेला की, १८५० साली माहीमच्या जमातखान्यात खून पडले. १८६१ मध्ये आगाखानाने इस्माइली श्रद्धेच्या कागदावर सह्या मागितल्या, तेव्हा विरोधक मुंबईच्या हायकोर्टात गेले. त्यांचे म्हणणे असे की, आम्ही मूळचे सुन्नी, जमातीची मालमत्ता आमची, तिचा हिशेब व्हावा आणि आगाखानाने हात घालू नये. न्यायमूर्ती अर्नोल्ड यांनी अलीपासून अलमूतमार्गे आगाखानापर्यंतची वंशावळ तपासली आणि १२ नोव्हेंबर १८६६ रोजी निकाल आगाखानाच्या बाजूने दिला. पुढे घराण्यातीलच हाजी बीबी यांनी या धनात वाटा मागितला; तेव्हाही, १९०८ साली, कोर्टाने ठरविले की अनुयायांनी दिलेली भेट ही आगाखानाची स्वतःची मालमत्ता आहे.

मी कामगार संघटनेतला माणूस. वर्गणीची पावती फाडणे आणि सभेत हिशेब वाचून दाखविणे यात माझे आयुष्य गेले. तेव्हा मला विचाराल तर कोर्टाचा निकाल कायद्याने बरोबर असला, तरी बारभाईंनी विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही. देणाऱ्याला विचारण्याचा हक्क आहे की नाही? ज्यांना उत्तर पटले नाही ते सुन्नी झाले, काही पुढे बाराइमामी झाले. जे राहिले त्यांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट मान्य केली पाहिजे: पैसा काही अंशी परत समाजाकडे वळला. तिसरे आगाखान सुलतान मुहम्मद शाह यांनी पुण्याचा प्रसिद्ध वाडा १८९२ साली दुष्काळात आसपासच्या लोकांना काम मिळावे म्हणून बांधला, असे सांगतात. तिथेच १९४२ ते १९४४ गांधीजी बंदीवासात होते. महादेवभाई आणि कस्तुरबा तिथेच गेल्या. १९६९ साली चौथ्या आगाखानांनी तो राष्ट्राला दिला. १९४६ मध्ये मुंबईत तिसऱ्या आगाखानांची हिऱ्यांनी तुला झाली. तो निधीही समाजाच्या संस्थांसाठी वापरला गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये चौथे आगाखान वारले आणि गादी पुत्र रहीम यांच्याकडे गेली.

एकाच रक्ताच्या दोन शाखा. मग एक लोपली आणि एक टिकली, हे कशाने? विद्वत्ता म्हणाल तर शाह ताहिर कोणाला हार जाणारा नव्हता. राजाश्रय दोघांनाही मिळाला. फरक माझ्या मते जमातखान्यात आहे. तिथे माणसे नित्य जमत. मुखी सभेचे काम पाही, कामडिया पैसा सांभाळी. भांडण झाले तरी ते एका छपराखाली झाले. नगर-औरंगाबादच्या शाखेला दरबार होता, पण दारात असे छप्पर नव्हते.

त्या शाखेचे अनुयायी मात्र दूर सीरियात होते. मस्याफ आणि कदमूसच्या डोंगराळ मुलखातले ते शेतकरी आपल्या इमामाच्या निरोपाची वाट पाहत. अमीर मुहम्मद बाकिर या इमामाशी त्यांचा शेवटचा संपर्क १७९६ साली झाला. नंतर औरंगाबादेहून काही आले नाही. दोन-तीन पिढ्या वाट पाहून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी आपली माणसे हिंदुस्थानात शोधास पाठविली. इमाम सापडला नाही. तेव्हा बहुतेकांनी मुंबईच्या आगाखानांस मानले. एक छोटा गट मात्र जुन्याच शाखेशी एकनिष्ठ राहिला. वंशावळीत इमामांची नावे असतात. या वाट पाहणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. पण घराणे टिकते ते त्यांच्याच जिवावर.