जखमेतल्या जंतूंवर ‘थंड प्लाझ्मा’चा मारा : हे नेमकं काय आहे?

मोडनिंब / वार्ताहर : बोरीचा काटा पायात मोडला की आपण सुईनं काढतो, हळद दाबतो आणि कामाला लागतो. माझ्या चुलत्यांनी तेच केलं. त्यांना शुगर, तळपाय बधिर, त्यामुळं दुखलंच नाही. पंधरा दिवसांनी वास यायला लागला तेव्हा दवाखाना गाठला. अंगठा काढावा लागला. जंतू औषधाला दाद देत नाहीत, असं डॉक्टर म्हणाले होते. तेव्हापासून या विषयावरचं मिळेल ते वाचतोय.

आधी एक घोळ मिटवू. कोरोनात ‘प्लाझ्मा द्या’ म्हणायचे तो रक्तातला पिवळसर पातळ भाग. हा वेगळा. वायूला विजेचा जोर दिला की त्याच्या कणांतले इलेक्ट्रॉन सुटे होतात, त्या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. घन, द्रव, वायू आणि ही चौथी. आभाळात कडाडणारी वीज म्हणजे तापलेला प्लाझ्मा, तर चालू ट्यूबलाइटच्या आत असतो तो थंड.

दवाखान्यातलं एक यंत्र जाड पेनासारखं असतं. त्यातून आरगॉन वायू सोडतात आणि टोकाला निळसर-जांभळी बारीक ज्योत दिसते. तिचं तापमान ४० अंशांच्या आत, म्हणून भाजत नाही. जखमेवरून ती हळूहळू फिरवतात, चौरस सेंटीमीटरला साधारण अर्धा ते एक मिनिट. ज्योतीमुळं हवेतल्या ऑक्सिजन-नायट्रोजनपासून तीव्र पण थोडाच वेळ टिकणारी रसायनं तयार होतात, ती जंतूचं बाहेरचं आवरण फोडतात. मारा एकाच वेळी अनेक बाजूंनी होतो. त्यामुळं अँटिबायोटिकला न जुमानणारे जंतूही प्रयोगशाळेत मेलेले दिसलेत.

जुन्या जखमेत जंतू चिकट थर करून बसतात. ठिबकच्या नळीत आतून बुळबुळीत थर धरतो, नुसतं पाणी सोडून निघत नाही, तसंच. प्लाझ्मा हा थर काही प्रमाणात तोडतो. पण त्याचा जोर वरवरचा. हाडापर्यंत गेलेल्या पूवर त्याचा उपयोग नाही, तिथं चिरा आणि औषधच.

जर्मनीत ‘किनपेन मेड’ या यंत्राला २०१३ साली वैद्यकीय वापराची मान्यता मिळाली. २०२० साली तिथला, शुगरवाल्यांच्या पायाच्या जखमांवरचा अभ्यास छापून आला. प्लाझ्मा दिलेल्या जखमा लवकर भरत आल्या, पण जंतूंच्या प्रमाणात दोन्ही गटांत ठळक फरक निघाला नाही. रुग्ण पन्नासच्या आतच होते. म्हणजे जखम भरायला मदत होते हे दिसतंय, ‘जंतू साफ’ हा दावा माणसाच्या पायावर अजून तेवढा पक्का नाही. माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण जाहिरातीत नेमकं उलटं सांगितलं जातं.

आपल्या देशात गुजरातमध्ये गांधीनगरजवळ भाट इथं केंद्राच्या अणुऊर्जा विभागाची प्लाझ्मा संशोधन संस्था आहे.

कुणी यंत्र दाखवून पैसे मागितले तर मान्यता कुणाची, ते विचारा. ड्रेसिंग, शुगरवर ताबा आणि डॉक्टरांनी दिलेला गोळ्यांचा पूर्ण कोर्स हे प्लाझ्मानं सुटत नाही. शुगर असेल तर रोज रात्री तळपाय आरशात बघा. जखमेभोवती लाली, सूज, गरमपणा, वास किंवा ताप दिसला तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते तिथं सांगा.