बीटसन, आर्थर
बीटसन, आर्थर : (२२ जानेवारी १९४५ – १ डिसेंबर २०११). ऑस्ट्रेलियाचे विख्यात रग्बी लीग खेळाडू व प्रशिक्षक. जन्म क्वीन्सलंडमधील रोमा येथे, आदिवासी वंशात. रग्बी लीगच्या तेरा जणांच्या संघात सहा आघाडीपटू असतात. प्रतिस्पर्ध्यांना अंगावर घेत चेंडू पुढे नेणे हे त्यांचे मुख्य काम. बीटसन असेच एक धिप्पाड आघाडीपटू होते. पण त्यांची खरी ख्याती होती ती प्रतिस्पर्ध्यांच्या मिठीत सापडल्यावरही हात मोकळा ठेवून सहकाऱ्याकडे अचूक चेंडू सोपवण्याच्या कौशल्यासाठी.

रेडक्लिफकडून खेळून १९६६ मध्ये ते सिडनीच्या बॅलमेन संघात गेले. १९६९ मध्ये बॅलमेनने सिडनीतील लीगचे विजेतेपद मिळवले, मात्र निलंबनामुळे त्यांना अंतिम सामना खेळता आला नाही. १९७१ पासून ते सिडनीच्याच ईस्टर्न सबर्ब्स संघाकडून खेळले. त्यांच्या नेतृत्वाखाली या संघाने १९७४ व १९७५ मध्ये विजेतेपद पटकावले. १९७५ च्या अंतिम सामन्यात सेंट जॉर्जचा ३८–० असा पराभव झाला. १९७३ मध्ये ते ऑस्ट्रेलियाचे कर्णधार झाले. कोणत्याही खेळात राष्ट्रीय संघाचे नेतृत्व करणारे ते पहिले आदिवासी ऑस्ट्रेलियन होत.

८ जुलै १९८० रोजी ब्रिस्बेनमध्ये क्वीन्सलंड व न्यू साउथ वेल्स या राज्यांमधील ‘स्टेट ऑफ ओरिजिन’चा पहिला सामना झाला. खेळाडूने क्लबच्या नव्हे, तर आपल्या मूळ राज्याकडून खेळावे या नव्या नियमामुळे न्यू साउथ वेल्समधील सिडनीत खेळणाऱ्या ३५ वर्षांच्या बीटसन यांना क्वीन्सलंडचे कर्णधारपद लाभले. त्यांच्या संघाने न्यू साउथ वेल्सला २०–१० असे हरवले. पुढे त्यांनी क्वीन्सलंडच्या संघाला प्रशिक्षण दिले. २००३ मध्ये ‘इमॉर्टल’ हा ऑस्ट्रेलियन रग्बी लीगमधील सर्वोच्च सन्मान त्यांना मिळाला. गोल्ड कोस्ट येथे सायकल चालवताना हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले.