पाणी वळवणारा कारागीर

टबाच्या नळावरची खुंटी वर ओढली की खालची वाट बंद होते आणि पाणी शॉवरकडे चढते. ही खुंटी, म्हणजे डायव्हर्टर, गळू लागली की खाली धार आणि वर नुसते थेंब. आपण लगेच नवा नळ आणायला निघतो. बहुधा मात्र आतला रबरी वॉशर झिजलेला असतो किंवा क्षार साचलेला असतो.

पाण्याची वाट बदलण्याची ही विद्या जुनी आहे. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा बंधूंनी रूप पालटणारी कारंजी रचली. पुढे दियारबकीरच्या (आजचे तुर्कस्तान) आर्तुकी दरबारातल्या अल-जझारीने १२०६ मध्ये आपला यंत्रग्रंथ पुरा केला. त्यात तो या पूर्वसूरींचे नाव आदराने घेतो, पण त्यांचे कारंजे इतक्या लवकर पालटते की नीट दिसतही नाही, असेही सुनावतो! त्याने आसावर झुलणारी नळी बसवली. एक पात्र सावकाश भरे, कलंडे, आणि नळी दुसऱ्या टाकीकडे झुके. ही सबुरी माझ्यातल्या कवीला भावते.

पण खरी मोलाची नोंद वेगळीच आहे. झडपेचे बूच आणि त्याची बैठक कुरुंदाच्या भुकटीने एकमेकांवर घासावी, म्हणजे पाणी झिरपत नाही. दरबारी माणसाने असले हात मळवणारे काम ग्रंथात लिहून ठेवावे, हे मला सुलतानांच्या विजयांहून मोठे वाटते. गॅरेजमधले मिस्त्री इंजिनाचे व्हॉल्व्ह आजही पेस्ट लावून असेच घासून बसवतात.