द्राक्षांच्या गावी दोघांची सुट्टी

नाशिक जिल्ह्यातल्या वाइनरीत जाऊन वाइन चाखायची आणि रात्री द्राक्षमळ्याशेजारी मुक्काम करायचा, ही जोडप्यांच्या सुट्टीची रीत जेमतेम वीस वर्षांची आहे. त्याआधी नाशिकला जोडीने जाणे म्हणजे रामकुंड, काळाराम आणि त्र्यंबकेश्वर. लग्नानंतर नवरानवरी कुलदैवताला जात आणि हौसेची सहल असलीच तर ती महाबळेश्वर-माथेरानची. द्राक्षांच्या मळ्यात सुट्टी घालवावी असे कुणाच्या मनात येत नव्हते, कारण मळा ही कामाची जागा होती. ती पाहुण्यांची जागा कशी झाली, याचा इतिहास शेतीपासून सुरू होतो.

दख्खनला द्राक्ष नवे नाही. चौदाव्या शतकात दौलताबादेत आलेल्या इब्न बतूताने तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली असून, ही फळे तिथे वर्षातून दोनदा येतात असे लिहिले आहे. पुढे भोकरी, फकडी, पांढरी साहेबी या जाती महाराष्ट्रात रुळल्या. नाशिकच्या आधुनिक द्राक्षशेतीचा आरंभ ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी 1925 मध्ये केलेल्या लागवडीपासून मानला जातो. दारणा, गंगापूर, पालखेड या धरणांचे पाणी जसजसे शिवारात पोहोचले, तसतशी निफाड, दिंडोरी आणि नाशिक तालुक्यांत बाग वाढत गेली. अनाब-ए-शाही आणि त्यानंतर बिनबियांची थॉमसन आली. सांगलीकडे थॉमसनमधूनच ‘तास-ए-गणेश’ ही जात निवडली गेली. 1991 मध्ये ‘महाग्रेप्स’ ही बागाईतदारांची द्राक्ष-निर्यात संस्था उभी राहिल्यावर युरोपची बाजारपेठ खुली झाली. ठिबक, कलमासाठी डॉगरिजचा खुंट, फवारणीचे वेळापत्रक हे सगळे बागाईतदारांनी कर्ज काढून, नुकसान सोसून शिकून घेतले. आज वाइनरीच्या टेस्टिंग रूममध्ये, म्हणजे वाइन चाखण्याच्या खोलीत, बसणाऱ्या पाहुण्याच्या पेल्यामागे हे शिक्षण उभे आहे, आणि त्याचे श्रेय या बागाईतदारांना फार कमी दिले जाते.

ही सारी द्राक्षे मात्र खाण्याची होती. वाइनची द्राक्षे निराळी असतात: मणी लहान, साल जाड, बिया असलेले आणि गोडीसोबत आंबटपणा टिकवणारे. ती मांडवावर न चढवता उभ्या तारांवर ओळीने बांधतात, म्हणून वाइनचा मळा दुरूनही ओळखू येतो. अशी लागवड इथे फार उशिरा झाली. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या सावलीत वाढलेल्या राज्यात द्राक्षापासून वाइन करण्याचा विचार व्यवहार्य नव्हता. पहिले मोठे धाडस 1980 च्या दशकात पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावी झाले. शामराव चौगुले यांच्या ‘शातो इंडाज’ने फ्रान्समधल्या शॅम्पेनकारांच्या तांत्रिक मदतीने फेसाळ वाइन तयार केली आणि ती ‘ओमर खय्याम’ या नावाने परदेशी पाठवली. पुण्याहून नाशिकला जाणारा रस्ता आजही याच नारायणगावाजवळून जातो.

नाशिकच्या वाइनची सुरुवात राजीव सामंत यांच्या ‘सुला’पासून मानली जाते. स्टॅनफर्डमध्ये अभियांत्रिकी शिकून आणि कॅलिफोर्नियात नोकरी करून ते परतले. गंगापूर धरणाजवळ घरची जमीन होती. तिथे त्यांनी आधी आंबा, गुलाब आणि खाण्याची द्राक्षे असे प्रयोग केले. दिवसा ऊन, रात्री गारवा आणि समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंची, हे हवामान वाइनच्या द्राक्षाला मानवेल असा त्यांचा अंदाज होता. कॅलिफोर्नियातल्या सोनोमाचे वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की सोबतीला आले. 1990 च्या दशकाच्या उत्तरार्धात सोव्हिन्याँ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या वाइनच्या द्राक्षजातींची लागवड झाली आणि 2000 मध्ये पहिली बाटली बाजारात आली. ‘सुला’ हे नाव त्यांच्या आईच्या, सुलभा यांच्या, नावावरून आले.

त्यानंतर वर्षभरातच सरकारने पाऊल टाकले. महाराष्ट्राच्या 2001 च्या द्राक्षप्रक्रिया उद्योग धोरणाने राज्यात पिकलेल्या द्राक्षांपासून राज्यातच केलेल्या वाइनला उत्पादन शुल्कातून सूट दिली, परवान्यांची वाट सोपी केली आणि वाइन पार्क उभारायचे ठरवले. एक पार्क निफाड तालुक्यातल्या विंचूरला झाला, दुसरा सांगली जिल्ह्यातल्या पलूसला. हेतू पर्यटनाचा नव्हता. भाव कोसळला की बागाईतदाराच्या मालाला दुसरी वाट असावी, एवढाच तो होता. धोरणामुळे वाइनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. वाइन करणे जमले, पण ती विकायची कशी याचा विचार बहुतेकांनी केलाच नव्हता. 2008 नंतरच्या मंदीत मागणी घटली, इंडाज कर्जात बुडाली, अनेक वाइनऱ्यांनी शेतकऱ्यांचा माल उचलणे थांबवले आणि कित्येकांनी वाइनच्या वेली उपटून पुन्हा खाण्याची द्राक्षे लावली. नाशिकच्या वाइनचा इतिहास सांगताना हा काळ गाळण्याची सवय पडली आहे. ती बरोबर नाही, कारण पर्यटनाचे महत्त्व याच पडझडीने पटवून दिले. ज्यांच्या दारात गिऱ्हाईक स्वतः चालत येत होते, त्यांना तग धरणे सोपे गेले.

गिऱ्हाईक दारात आणण्याची युक्ती जुनी आहे. जर्मनीच्या फाल्त्स भागात विक्री मंदावली तेव्हा 1935 मध्ये ‘जर्मन वाइन मार्ग’ आखला गेला. कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्यात रॉबर्ट मोंडावी यांनी 1966 मध्ये वाइनरी उघडली, ती पाहुणे येणार असे गृहीत धरूनच: हिंडून पाहावे, चाखावे, गाणे ऐकावे, मग बाटली घ्यावी. नाशिकने उचलला तो हा नापाचा नमुना.

सुलाने 2005 मध्ये गोवर्धन शिवारात टेस्टिंग रूम उघडली. देशात अशी ही पहिलीच. 2008 पासून मळ्याशेजारच्या खुल्या रंगमंचावर ‘सुलाफेस्ट’ भरू लागला आणि 2010 मध्ये गंगापूर धरणाच्या पाण्याजवळ मुक्कामाची सोय झाली. करोनाच्या साथीपूर्वी इथे वर्षाला तीन लाखांहून अधिक लोक येत होते. गंगापूर-सावरगाव रस्त्यावर ‘यॉर्क’ आणि ‘सोमा’ या वाइनऱ्या उभ्या राहिल्या. इगतपुरी तालुक्यात सांजेगावला ‘झाम्पा’ होती, ती 2012 मध्ये बंगळुरूजवळच्या ‘ग्रोव्हर’शी जोडली गेली. कावनईजवळ मुकणे धरणाच्या काठी ‘व्हॅलोने’ने मोजक्या खोल्या बांधल्या. दिंडोरीत फ्रेंच ‘शाँदों’ आली.

टेस्टिंग रूमने आणखी एक बदल घडवला, त्याची नोंद फारशी होत नाही. महाराष्ट्रातली परमिट रूम म्हणजे अंधारी, पुरुषांची आणि बाईने पाय न ठेवण्याची. उजेडाच्या, मळ्याकडे उघडणाऱ्या खोलीत नवराबायकोने शेजारी बसून पाच-सहा प्रकारांचे घोट घ्यावेत आणि शेजारच्या टेबलावर सासू-सासऱ्यांसह आलेले कुटुंब जेवत असावे, हे दृश्य या राज्याला नवीन होते. जोडप्यांच्या सहलीची प्रथा रुजली ती मुख्यतः या मोकळेपणामुळे. वाइनची आवड बहुतेकांना नंतर लागली.

सहलीचे वेळापत्रक मात्र आजही वेलच ठरवते. युरोपात आणि कॅलिफोर्नियात काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरची. इथे ती जानेवारी ते मार्चची, कारण महाराष्ट्रात वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमधल्या खरड छाटणीत जुन्या काड्या काढून टाकतात आणि पावसाळाभर वेल नव्या काड्या तयार करते. पावसात फळ धरले तर केवडा आणि भुरी हे रोग ते टिकू देत नाहीत, म्हणून या काळात फळ घेतच नाहीत. ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी होते, मग फुलोरा, मग मणी, आणि डिसेंबर-जानेवारीत मण्यांत पाणी उतरते, म्हणजे मणी पिकू लागतात. त्यानंतर साखर वाढते आणि पहाटेच्या गारव्यात काढणी सुरू होते.

सुट्टीचे बेत याच्या नेमके उलट पडतात. मराठी कुटुंबाची मोठी सुट्टी मे महिन्यात असते आणि त्या वेळी मळ्यात खरडलेले खोड, कोवळी फूट आणि कडक ऊन एवढेच असते. दिवाळीत वेल हिरवी दिसते, पण घड भरलेले नसतात. भरलेले घड, पाट्या घेऊन चाललेले मजूर आणि टाक्यांतून येणारा आंबवणाचा वास हे सगळे एकत्र पाहायचे तर जानेवारीचा उत्तरार्ध आणि फेब्रुवारी. द्राक्षे पायांनी तुडवण्याचा खेळही याच दिवसांत असतो. तो पाहुण्यांच्या करमणुकीसाठी असतो, वाइनचा रस यंत्रेच काढतात. पावसाळ्यात जाणाऱ्यांनी इगतपुरीची बाजू धरावी. तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, डोंगरांवरून धबधबे उतरतात आणि वेलीवर फळ नसल्याचे कुणाला जाणवत नाही.

वाइनऱ्या एका रस्त्यावर नाहीत, हेही बेत आखताना लक्षात घ्यावे लागते. गंगापूर धरणाची बाजू शहरालगत आहे आणि तिथे दोन-तीन ठिकाणे एका दिवसात होतात. सकाळी चुलीवरची मिसळ, दुपारी वाइनरी आणि संध्याकाळी धरणाचे पाणी असा दिवस तिथे सहज जमतो. याच परिसरात महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे ‘ग्रेप पार्क’ रिसॉर्टही आहे. दिंडोरी उत्तरेला, विंचूर पूर्वेला, इगतपुरी नैर्ऋत्येला मुंबईच्या वाटेवर. ही तिन्ही टोके दोन दिवसांत गाठू पाहणाऱ्या जोडप्याचा वेळ गाडीतच जातो. मुंबईहून येणाऱ्यांनी इगतपुरी आणि गंगापूर, तर पुण्याहून येणाऱ्यांनी फक्त गंगापूरचा परिसर धरला तर दोन दिवस पुरतात.

कायदा अजूनही जुनाच आहे. महाराष्ट्रात वाइन पिण्यासाठी वय किमान 21 लागते. दारूबंदीच्या दिवशी विक्री आणि चाखणे दोन्ही बंद असते, म्हणून निवडणुका आणि 2 ऑक्टोबरसारख्या तारखा आधी पाहाव्यात. जानेवारी 2022 मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, पण अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी विरोध केला आणि तो अमलात आला नाही. परिणामी लहान वाइनरीची बाटली शहरातल्या दुकानात क्वचितच दिसते. ती चाखायची तर तिच्या मळ्यातच जावे लागते.

चाखणे झाल्यावर गाडी चालवायची नाही, हे ठरवूनच निघावे. चालक सोबत घ्यावा किंवा मुक्काम वाइनरीतच करावा. शनिवार-रविवारी गंगापूर-सावरगाव रस्त्यावर गर्दी होते, खोल्यांचे दर चढतात आणि माहिती देणाऱ्याला दोन प्रश्न विचारायलाही सवड मिळत नाही. नाशिकची वाइन समजून घ्यायची असेल तर जोडप्याने रजा टाकून फेब्रुवारीतला मंगळवार-बुधवार गाठावा, मोठ्या वाइनरीसोबत एक छोटी वाइनरी पाहावी आणि तिथे आधी फोन करून जावे.