अंतराने ठरलेले दोन वर्ग

संगणकाच्या मागच्या पट्टीवर किंवा माहितीपुस्तिकेत ‘क्लास बी’ असे वाचले की माल दुय्यम असावा, अशी शंका येते. प्रत्यक्षात रेडिओ-उपद्रवाच्या बाबतीत ‘बी’ची मर्यादा ‘ए’पेक्षा कडक आहे. ही वर्गवारी यंत्राची प्रत सांगत नाही. त्याच्या आसपास कोणाचा रेडिओ किंवा टीव्ही चालू असेल, एवढेच ती विचारते. याचे मूळ १९७०च्या दशकातल्या अमेरिकेत सापडते. १९७७मध्ये बाजारात आलेल्या टीआरएस-८० या घरगुती संगणकाचे घड्याळ जेमतेम १.७७ मेगाहर्ट्झचे होते, तर टीव्हीची वाहिनी क्रमांक २ सुरू होते ५४ मेगाहर्ट्झपासून. पण डिजिटल स्पंद चौकोनी असतात. त्यांच्या पटीतल्या कंप्रता पार टीव्हीच्या पट्ट्यापर्यंत जातात, आणि प्लास्टिकची पेटी त्यांना अडवत नाही.

तक्रारी वाढल्यावर अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने १९७९मध्ये संगणकीय उपकरणांचे दोन वर्ग केले. ३० ते ८८ मेगाहर्ट्झमध्ये कचेरी-कारखान्यातल्या ‘ए’ यंत्राला ३० मीटरवर ३० मायक्रोव्होल्ट प्रतिमीटर, तर घरातल्या ‘बी’ यंत्राला ३ मीटरवर १०० अशी मर्यादा ठरली. क्षेत्राची तीव्रता अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटते असे धरले, तर ‘ए’ची मर्यादा ३ मीटरवर ३०० भरते, म्हणजे ‘बी’च्या तिप्पट. कचेरीतले यंत्र शेजाऱ्याच्या अँटेनापासून लांब असते, हे गृहीत त्या आकड्यांतच मुरलेले आहे. थेट टीव्हीला जोडायच्या यंत्रांवर आणखी कडक बंधने होती. म्हणून अटारी ४०० आणि ८०० यांच्या पोटात अॅल्युमिनियमचे जाड ओतीव कवच आले. ॲपल-२साठी टीव्हीला जोडणारा मॉड्युलेटर वेगळा विकला गेला. नव्या नियमांत न बसणारे टीआरएस-८०चे पहिले मॉडेल अमेरिकेत मागे पडले.

मग सर्वांना ‘बी’च का लावू नये? कारण कवच, गाळण्या आणि चाचण्या यांचा खर्च पडतो. ज्या कारखान्याजवळ कोणाचा टीव्हीच नाही, तिथे तो खर्च वाया जातो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: निर्माता ‘कचेरीसाठी’ असा शिक्का मारून पळवाट काढेल. एफसीसीने ही वाट बऱ्याच अंशी बुजवली. वैयक्तिक संगणक कचेरीला विकला तरी ‘बी’च, कारण तो घरी जाणार हे उघड आहे. आंतरराष्ट्रीय सिस्पर समितीने १९८५च्या मानक २२मध्ये हेच दोन वर्ग ठेवले. १० मीटरवर, ३० ते २३० मेगाहर्ट्झमध्ये, त्यांच्या मर्यादांत १० डेसिबलचे अंतर आहे. २०१२च्या मानक ३२मध्येही ते वर्ग टिकले. घर आणि कचेरी यांच्यातली भिंत आता पातळ झाली आहे, हे खरे. पण त्यामुळे वर्गवारी निकालात निघत नाही. ‘ए’ची सवलत मागणाऱ्याने आपले यंत्र घरात जाणार नाही हे दाखवून द्यावे, एवढाच त्याचा अर्थ होतो.