जंगालाची साक्ष

माझ्या लहानपणी पितळी पातेल्याची कल्हई उडाली की आई त्यात ताक ठेवू देत नसे. ‘कळकेल,’ एवढेच ती म्हणे. कळकणे म्हणजे आंबट पदार्थात भांड्याचे तांबे उतरणे. आणि भांड्याच्या काठाला जो हिरवा थर धरतो, तो जंगाल. मौज अशी की, घरोघरच्या बायांनी जो हिरवेपणा जन्मभर घासून काढला, तोच आज शहरातील दुकानदार मुद्दाम मूर्तीवर चढवून घेतात. हिरवे ते जुने, आणि जुने ते मोलाचे, ही गिऱ्हाइकाची समजूत!

या समजुतीला आधार आहे, पण अर्धाच. न्यूयॉर्कच्या बंदरात 1886 साली उभारलेला स्वातंत्र्यदेवीचा तांब्याचा पुतळा हवापाण्याने हिरवा व्हायला काही दशके लागली. स्वयंपाकघरात तेच काम काही दिवसांत होते. चिंच-मीठ चोळून लगेच धुतले तर तांबे लखलखते. तेच मीठ आणि आंबट धातूवर राहू दिले तर हवेच्या संगतीने हिरवे क्षार धरतात. करणारे काय करतात? तांब्याचा तुकडा घासून त्यास मिठाचे पाणी लावतात आणि झाकणाच्या डब्यात शिरक्याच्या वाटीवर, शिरक्याला न टेकता, अधांतरी ठेवतात. कोणी शिरक्यात नवसागर विरघळवून तो लावतात. हा नवसागर आपल्या ओळखीचा. कल्हईवाल्याच्या पिशवीत तो असतोच. ज्याने कल्हई धरते, त्यानेच जंगालही धरते. मात्र जंगाल विषारी आहे. खाण्यापिण्याच्या भांड्यावर हा प्रयोग कदापि करू नये.

ही युक्ती नवी नव्हे. सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीक पंडित थिओफ्रास्टस याने द्राक्षमद्याच्या गाळावर तांबे ठेवून जंगाल करण्याची रीत लिहून ठेवली. अठराव्या शतकात फ्रान्समधील माँपेलिए गावी बाया आपल्या घरांच्या तळघरांत तांब्याचे पत्रे द्राक्षांच्या देठांत रचून जंगाल पिकवीत. तो रंग म्हणून देशोदेशी जाई. रंगविलेली दारे पाहणाऱ्यांना त्या हातांची आठवण कशाला होणार?

मग जुने ओळखावे कसे? आपल्या विदर्भावर राज्य करणाऱ्या वाकाटकांची राणी प्रभावतीगुप्ता हिचा ताम्रपट पुण्यात एका तांबटाच्या घरी सापडला. त्याचा काळ विद्वानांनी हिरव्या थरावरून ठरविला नाही. अक्षरांचे वळण, राजवंशाची नावे आणि राज्यवर्ष यांवरून ठरविला. थर नकली होऊ शकतो. अक्षरांचीही नक्कल होते, पण ती पुष्कळदा चुकीने उघडी पडते.

मी कामगारांत वावरणारा माणूस. एका कारागिराने मला सांगितले, ‘दिवा घडवायला चार दिवस लागतात, हिरवा करायला एक रात्र, पण भाव येतो तो त्या रात्रीचा.’ त्या भावातले त्याच्या हाती काय पडले, हे मी विचारले नाही. त्याच्या तोंडावरच ते दिसत होते. यवतमाळ, दारव्हा, पुसदच्या गल्ल्यांतून कल्हईवाल्याची हाक विरत गेली, घरात स्टील आले, आणि माळ्यावरची पितळ मोडीत निघाली. ती मोडीत घालण्यापूर्वी एकदा उलटी करून पाहा. ठोक्यांच्या खुणा दिसतील. त्या कोणा माणसाच्या हाताच्या आहेत, आणि कोणत्याही शिरक्याने त्या एका रात्रीत उमटत नाहीत.