किरनापूरचे आमदार कै. लिखीराम कावरे

वाघ नदीकाठचे राजेगाव हे किरनापूर तहसिलीचे सीमेवरील गाव. इ. स. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नदीपलीकडचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला, बालाघाट मध्यप्रदेशातच राहिला. सोयरिकी मात्र दोन्ही तीरांवर पूर्ववत् चालू राहिल्या.

या किरनापूर भागाचे विधानसभेतील प्रतिनिधी लिखीराम कावरे हे दिग्विजयसिंह यांच्या मंत्रिमंडळात परिवहनमंत्री होते. मंत्रिपद लाभताच राजधानीत रमणारे पुष्कळ. कावरे यांचे सोनपुरीतील घर सुटले नाही. त्याच घरातून १५ डिसेंबर १९९९ च्या रात्री नक्षलवाद्यांनी त्यांना बाहेर ओढून काढले व निर्घृणपणे ठार केले. त्याच महिन्याच्या २ तारखेस आंध्रप्रदेशात पोलिसांकडून त्या चळवळीचे तीन नेते मारले गेले होते; त्याचाच हा सूड, असे सर्वत्र मानले गेले. कृती कोठली, आणि तिचे प्रायश्चित्त कोणाच्या माथी!

पुढे २००८ च्या मतदारसंघ-पुनर्रचनेनंतर किरनापूर हा स्वतंत्र मतदारसंघही उरला नाही. तथापि त्यांच्या कन्या हिना कावरे यांनी पित्याचाच मार्ग धरला. २०१३ व २०१८ साली त्या लांजीतून निवडून आल्या आणि जानेवारी २०१९ मध्ये विधानसभेच्या उपाध्यक्षा झाल्या. २०२३ मध्ये त्यांचा पराभव झाला; तो निर्णय मात्र मतदारांनी दिलेला होता.